शेताचा कोपरा कोणासाठी?

अमेरिकेच्या आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का या मक्याच्या पट्ट्यात २००० सालच्या हंगामापासून एक नियम लागू झाला. अळी मारणारे जनुक घातलेला मका, म्हणजे बीटी मका, पेरणाऱ्या शेतकऱ्याने शंभरातल्या निदान वीस एकरांवर साधा मका पेरायचा. हे वीस एकर बीटी मक्यापासून अर्ध्या मैलाच्या आत हवेत. तिथे खोड पोखरणारी अळी जगली पाहिजे, तिचे पतंग होऊन उडाले पाहिजेत. ज्या किडीपासून सुटका व्हावी म्हणून शेतकरी बियाण्याला जास्त पैसे मोजतो, तिच्याचसाठी त्याने जमिनीचा पाचवा हिस्सा उघडा ठेवायचा. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही अट घातली आणि बियाणे कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून तसे लिहून घेतले. राखलेल्या या तुकड्याला शास्त्रज्ञ आश्रय म्हणतात.

नियम कीटकशास्त्राचा आहे, पण त्याच्या पोटात फार जुना प्रश्न आहे. स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या घामाने आलेले पीक सगळेच्या सगळे आपले असते का? त्यातले काही सोडायचे तर कोणासाठी, किती, आणि कोणाच्या सांगण्यावरून? जनुकबदल पिकांविषयी धर्माच्या भाषेत तीस वर्षे वाद चालू आहे. त्या वादात हा प्रश्न क्वचितच विचारला गेला.

वाद फिरत राहिला तो बियाण्याभोवती. १९९८ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी एका वृत्तपत्रात लेख लिहून जनुकबदलाला विरोध केला. माणूस जिथे शिरतो आहे तो प्रांत केवळ देवाचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अधिक सावध भूमिका घेतली. सरसकट निवाडा देणे अवघड आहे, प्रत्येक बाबीचा वेगळा विचार हवा आणि या बियाण्यांमुळे जमीन थोड्यांच्या हाती एकवटते का तेही पाहिले पाहिजे, असे त्यांनी म्हटले.

मेक्सिकोत हा प्रश्न याहून खोल जातो. मक्याचा जन्मच तिथला. तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तिथल्या माणसांनी सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी त्याला घडवायला सुरुवात केली. शेजारच्या ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या ‘पोपोल वूह’ या ग्रंथात देवांनी माणसाचे शरीर मक्याच्या पिठापासून घडवल्याची कथा आहे. मका ज्यांना पूर्वज वाटतो, त्यांच्या देशी वाणांत वाऱ्यावर आलेल्या परागातून परके जनुक शिरणे ही त्यांच्यासाठी आपल्याच रक्तामांसाची गोष्ट असते. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने जनुकबदल मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट राज्यघटनेत घातली. या निर्णयाला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणारे त्या समाजाचे मक्याशी असलेले नाते समजून घेत नाहीत.

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात मात्र बियाण्याचा निकाल व्यवहाराने केव्हाच लावला. तिथल्या मक्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर आज बीटी वाण आहेत. जनुक घालावे की घालू नये हा प्रश्न तिथे मागे पडला आहे. घातल्यानंतर शेतकऱ्याने शेजाऱ्याशी, पुढच्या पिढीशी आणि खुद्द अळीशी कसे वागायचे हा प्रश्न मात्र दर हंगामात नव्याने उभा राहतो.

यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेतल्या लेवीय ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय या संदर्भात वाचण्यासारखा आहे. जनुकबदलाच्या विरोधात त्यातले एकोणिसावे वचन नेहमी पुढे केले जाते. एका शेतात दोन जातींचे बी मिसळून पेरू नये, असा त्याचा आशय. अनेक आधुनिक यहुदी धर्मशास्त्र्यांनी यावर बराच खल केला आणि डोळ्यांना न दिसणारे जनुक दुसऱ्या रोपात नेणे या मनाईत बसत नाही, असे मत दिले. पण त्याच अध्यायात दहा वचने आधी आणखी एक आज्ञा आहे: कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत कापू नये, कोपरा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा. पुढे मिश्ना या संहितेत ‘पेआ’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण या कोपऱ्यावर रचले गेले. किती सोडायचे याला वरची मर्यादा नाही, पण साठाव्या हिश्श्यापेक्षा कमी सोडू नये, असे तिथे ठरले. मिसळण्याच्या वचनावर आपल्या काळात इतकी शाई खर्च झाली आणि सोडण्याचे वचन शेजारीच असून नजरेआड राहिले. बीटी मक्याला अधिक लागू पडते ते सोडण्याचे वचन.

असे का, हे समजायला आश्रयाची यंत्रणा पाहावी लागते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला, आणि जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या अळीत तो आढळल्यावर बर्लिनर यांनी १९१५ मध्ये त्याला नाव दिले. या जिवाणूचे एक प्रथिन ठरावीक अळ्यांच्या आतड्याला भोके पाडते. त्याचे जनुक घातलेला मका अमेरिकेत १९९६ मध्ये शेतात आला. आता लाखो अळ्यांत एखादी अळी जन्मतःच अशी असते की तिला हे विष बाधत नाही. बीटी शेतात तेवढीच वाचते. जवळपास सगळीकडे बीटीच असेल तर तिला जोडीदारही वाचलेलाच मिळतो आणि पुढची पिढी विषाला दाद देत नाही. जवळच साधा मका असेल तर तिथून उडालेले हजारो साधे पतंग तिला गाठतात. त्यांच्या संकरित पिल्लांना बीटीचा भरपूर डोस पुन्हा मारू शकतो, कारण प्रतिकाराचे जनुक बहुधा सुप्त असते आणि एकाच बाजूने आले तर प्रभाव दाखवत नाही.

म्हणजे साधी, विषाला बळी पडणारी अळी ही ठेव आहे. ती कोणाच्याही सातबाऱ्यावर चढत नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही. तिच्यावर हक्क सगळ्यांचा आहे: बीटी पेरणाऱ्याचा, न पेरणाऱ्याचा, आणि सेंद्रिय शेती करणाऱ्याचाही. सेंद्रिय शेतकरी याच जिवाणूची भुकटी कित्येक दशके फवारत आले होते. अळीला प्रतिकार आला की त्यांचे साधन, त्यांचा काही दोष नसताना, बोथट होते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाच्या ऱ्हासावर निबंध लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गुरे होती. इथे कुरण अदृश्य आहे, ते किडीच्या रक्तात आहे.

मग आश्रय म्हणजे दान का? हिंदू गृहस्थाला सांगितलेल्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे. वैश्वदेवाच्या वेळी अन्नाचा एक भाग कुत्रा, कावळा, अगदी कृमींसाठीही काढून ठेवायचा असतो, आणि मराठी घरांत काकबळीच्या रूपाने त्याचा धागा अजून टिकून आहे. वरवर पाहता वीस एकर साधा मका हा भूतयज्ञच वाटतो. पण प्रामाणिकपणे पाहिले तर फरक मोठा आहे. अमेरिकन शेतकरी आज काही पतंग जगवतो तो उद्या त्यांची पिल्ले मरावीत म्हणून. त्यात करुणा नाही. हा फरक झाकून आश्रयाला पुण्याचा मुलामा देणे चूक ठरेल.

तरीही या राखण्याला नैतिक मोल आहे. स्वतःच्या उपयोगाची असल्याने कोणतीही मर्यादा हलकी ठरत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञविचारही देणे-घेणे एकाच चक्रात बांधतो. जो या चक्रात आपला भाग न टाकता केवळ भोगतो त्याला तिथे चोर म्हटले आहे. देणाऱ्याच्या मनात किती प्रेम आहे यापेक्षा तो चक्राबाहेर उभा राहून घेतो की चक्रात राहून, यावर तिथे भर आहे. आश्रय न ठेवणारा शेतकरी नेमका चक्राबाहेरून घेतो.

ही गोष्ट पेरणीच्या तारखेतून आणखी स्पष्ट होते, कारण बीटी येण्याआधी किडीशी झगडायचे एक हत्यार तारीख होती. मक्याचे खोड पोखरणारी युरोपीय अळी १९१७ मध्ये बॉस्टनजवळ पहिल्यांदा आढळली. ती झाडूसाठी आयात केलेल्या ज्वारीवर्गीय पिकातून आली असे मानतात. आयोवात तिच्या वर्षाला दोन पिढ्या होतात. जूनच्या सुमारास पहिल्या पिढीचे पतंग अंडी घालायला परिसरातला सर्वांत उंच मका शोधतात, म्हणजे सर्वांत आधी पेरलेला. कोवळ्या रोपात अळीला मारक असे एक नैसर्गिक द्रव्य असते, रोप वाढते तसे ते ओसरते, म्हणून बुटकी रोपे तेव्हा सुरक्षित राहतात. दुसऱ्या पिढीचे पतंग उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येतात आणि ज्याच्या कणसाचे केस अजून ताजे आहेत तो मका पसंत करतात, म्हणजे सर्वांत उशिरा पेरलेला. मधल्या तारखेचा शेतकरी दोन्हींतून निसटतो.

पण तो निसटतो याचा अर्थ काय? जमिनीचे तापमान दहा अंश सेल्सिअसपर्यंत चढले आणि वाफसा आला की कोणी लगेच पेरतो, कोणी थांबतो. थांबलेल्याच्या वाट्याचे पतंग आधी पेरलेल्याकडे जातात. त्याच्या सुटकेची किंमत शेजाऱ्याने मोजलेली असते. सगळ्यांनी एकाच मधल्या दिवशी पेरले तर कोणीच उंच नाही आणि कोणीच बुटका नाही, पतंग सगळ्यांकडे सारखे येतील. जे सगळ्यांनी केले की त्याचा लाभच नाहीसा होतो, ते आचरण नियम म्हणून उभे राहू शकत नाही, हे कांटच्या नीतिविचाराने शिकवले आहे. चुकवाचुकवीची तारीख त्या कसोटीवर उतरत नाही.

दुसऱ्या प्रकारची तारीखही आहे, आणि तिची जात पूर्ण वेगळी. अमेरिकेत गव्हावर हेसियन माशी पडते. प्रौढ माशी जेमतेम काही दिवस जगते. शरद ऋतूत ती बाहेर पडते तेव्हा रानात गव्हाचे कोवळे रोपच नसेल तर अंडी घालायला तिला जागा मिळत नाही आणि ती वांझ मरते. म्हणून अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात प्रत्येक प्रदेशासाठी माशीमुक्त तारीख ठरवली गेली: त्या दिवसानंतरच गहू पेरायचा. अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये ऋतू उत्तरेकडे आणि उंचीकडे कसा सरकतो याचे गणित मांडले, ते अशा तारखांना उपयोगी पडले. या तारखेचे वैशिष्ट्य असे की ती जितके अधिक लोक पाळतील तितकी सर्वांना लाभदायक ठरते. एकाने आधी पेरले तर त्याच्या शेतात वाढलेली माशी वसंतात साऱ्या गावात पसरते. इथे माशी शेजाऱ्याकडे ढकलली जात नाही, सगळ्यांनी मिळून तिचे चक्रच तोडले जाते. एक तारीख चुकवते, दुसरी तोडते. धर्माने शतकानुशतके पाळायला लावलेल्या सामूहिक कालमर्यादा, चातुर्मासातल्या वर्ज्यांपासून यहुद्यांच्या सातव्या वर्षाच्या पडीक जमिनीपर्यंत, या दुसऱ्या जातीच्या आहेत. एकट्याने पाळल्या तर ते व्रत. सगळ्यांनी पाळल्या तर भोवतीचे जगच थोडे बदलते.

बीटी मक्याने शेतकऱ्याला तारखेच्या जाचातून सोडवले. जॉर्जियासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत उशिरा पेरलेला मका लष्करी अळी आणि कणीस खाणारी अळी फस्त करत असे, कारण दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये हिवाळा काढलेले लष्करी अळीचे पतंग उन्हाळाभर उत्तरेकडे सरकत राहतात आणि त्यांची संख्या वाढत जाते. तिथे वेळेवर पेरलेल्या मक्याला बीटीची गरज फारशी भासत नाही. बीटीचा खरा उपयोग उशिराच्या पेऱ्यात दिसतो. पाऊस लांबला, आधीचे पीक उशिरा निघाले, तरी आता मका घेता येतो. ही सुटका खरी आहे. शेतकऱ्याच्या गळ्यातला एक फास सैल झाला आहे आणि त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कोणालाही नाही.

सुटकेबरोबर ऋणही आले. मिनेसोटा विद्यापीठाचे विल्यम हचिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. मक्याच्या पट्ट्यातल्या पाच राज्यांत बीटी आल्यापासूनच्या चौदा वर्षांत खोडअळीची संख्या सगळीकडेच इतकी घटली की शेतकऱ्यांचा एकूण फायदा सुमारे ६.९ अब्ज डॉलर झाला. आणि त्यातला साठ टक्क्यांहून अधिक वाटा बीटी न पेरणाऱ्यांच्या पदरी पडला. त्यांनी महाग बियाणे घेतले नव्हते, पण शेजारच्या बीटीने पतंग कमी केल्यामुळे त्यांचे पीक वाचले. हा आकडा वाचून फुकटचे खाणाऱ्यांवर राग येईल, पण त्याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. याच साध्या मक्यातून उडालेल्या पतंगांनी बीटीची धार टिकवली. दोघे एकमेकांचे ऋणी होते. त्यांच्यात करार नव्हता, बहुतेकांना या देवघेवीची कल्पनाही नव्हती. आपल्याकडे जन्मतःच तीन ऋणे घेऊन माणूस येतो असे मानले जाते; मक्याच्या शेतात जन्मलेले हे चौथे ऋण अजून कोणी नीट मोजलेले नाही.

जिथे हे ऋण नाकारले गेले तिथे फळ लवकर मिळाले. दक्षिण आफ्रिकेत बीटी मका १९९८ मध्ये आला आणि २००७ मध्ये ख्रिस्तियाना भागातल्या बागायती शेतांत तिथल्या खोडअळीला प्रतिकार आल्याचे नोंदले गेले. तिथे आश्रयाचे क्षेत्र राखण्यात मोठी हयगय झाली होती. पोर्टो रिकोत तर बारमाही मका असतो, किडीच्या चक्रात हिवाळ्याचा खंडच नाही; तिथे लष्करी अळीने एका बीटी मक्यावर तीनएक वर्षांत मात केली आणि २००६ मध्ये कंपनीला त्याची विक्री थांबवावी लागली. आयोवात मुळे कुरतडणाऱ्या भुंग्यासाठीचा बीटी मका २००३ मध्ये आला. सहा वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच्यासमोर तगलेले भुंगे आयोवा स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅरन गॅसमन यांच्या चमूला शेतांत सापडले. ज्या शेतांत निदान तीन वर्षे सलग तोच मका घेतला गेला होता, तीच ही शेते.

भुंग्याची कथा इथे थांबत नाही. त्याच्यावरचा सर्वांत जुना आणि शहाणा उपाय होता फेरपालट: एक वर्ष मका, पुढच्या वर्षी सोयाबीन. मादी मक्यात अंडी घालते, पुढच्या उन्हाळ्यात अळ्या निघतात, पण मक्याची मुळे नसतात आणि त्या उपाशी मरतात. दशकानुदशके हे चालले. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉयच्या पूर्व-मध्य भागात माद्या सोयाबीनच्या शेतात अंडी घालू लागल्या. पुढच्या वर्षी तिथे मका येणार हे जणू त्यांनी हेरले. या भुंग्याच्या उत्तरेकडच्या भाऊबंदांनी वेगळी वाट काढली. त्यांची काही अंडी एकाऐवजी दोन हिवाळे जमिनीत पडून राहू लागली. इथे ना जनुक घातले होते, ना विष फवारले होते. म्हणजे पाप जनुकात होते असे म्हणणाऱ्यांना भुंगा साथ देत नाही. एकच गोष्ट, कितीही पवित्र, कितीही पारंपरिक, विस्तीर्ण प्रदेशावर अखंड आणि एकसारखी केली की सृष्टी तिच्यातून वाट काढते. दोष साधनात कमी आणि एकसुरीपणात अधिक आहे.

अमेरिकेत एका ग्राहक संघटनेने २००९ मध्ये दाखवून दिले की बीटी मका पेरणारे चारांतले एक शेतकरी आश्रयाचा नियम पुरता पाळत नव्हते. यावर कंपन्यांनी उत्तर शोधले: आश्रय पिशवीतच घाला. अनेक जनुके एकत्र केलेल्या वाणांसाठी आश्रयाचे प्रमाण मक्याच्या पट्ट्यात पाच टक्क्यांवर आणले गेले आणि साधे बी त्याच पिशवीत मिसळून विकले जाऊ लागले. शेतकऱ्याला काही आठवायचे नाही, काही सोडायचे नाही. पेरले की आश्रय आपोआप झाला.

इथे तत्त्वज्ञानाचा एक खरा पेच आहे. ज्या सत्कृत्याला करणाऱ्याच्या इच्छेची गरजच उरली नाही, त्याला सत्कृत्य म्हणायचे का? किडीच्या बाजूने पाहिले तर प्रश्न निरर्थक आहे. तिला साधे रोप मिळाले, पुरे. (शेजारच्या बीटी रोपावर सरकलेल्या अळीला अर्धवट विष मिळते, ही तांत्रिक अडचण शिल्लक राहतेच.) पण शेतकऱ्याच्या बाजूने काहीतरी हरवते. शेताचा कोपरा सोडताना दरवर्षी एक आठवण होते की हे सगळे आपले नाही. पिशवी ती आठवण काढून घेते. आणि पिशवीत बी घालता येते, तारीख घालता येत नाही. कधी पेरायचे, कधी काढायचे, कोणत्या वर्षी मका घ्यायचाच नाही, हे गावाने एकत्र बसून ठरवण्यावाचून दुसरी युक्ती नाही. नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर हेच अभ्यासले: पाणी, कुरण, मासे अशा सामाईक गोष्टी लोक नियम करून टिकवू शकतात, मात्र नियम करण्यात त्यांचाच हात लागतो. संयमाची सवय मोडलेल्या गावात असा नियम कोण करणार?

हिंसेचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. कोल्हापूर-सांगली भागात मराठी बोलणारा जैन शेतकरी समाज मोठा आहे आणि त्याच्या परंपरेने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेतीत घडणारी हिंसा उद्योगी. ती टळत नाही म्हणून गृहस्थाला क्षम्य, पण ठरवून मारणे क्षम्य नाही. बीटी मका या वर्गवारीपुढे नवा पेच टाकतो. फवारणारा शेतकरी निदान आधी पानावर अळी पाहतो, किती आहेत ते मोजतो, मग पंप उचलतो. बीटीचा निर्णय मात्र हिवाळ्यात, बियाणे नोंदवताना होतो, तेव्हा अळी असेल की नाही हेही ठाऊक नसते. खोडअळी मक्याच्या पट्ट्यात इतकी विरळ झाल्यावरही तिच्याविरुद्धचे जनुक शेतकरी विकत घेत राहतात, कारण हव्या त्या इतर गुणांबरोबर ते पिशवीत येतेच. मारणे होत राहते आणि मारण्याचा क्षण कुठेच नसतो. याला जैन विचार काय म्हणेल? एक बाजू नोंदवली पाहिजे: सरसकट मारणाऱ्या फवाऱ्यापेक्षा बीटी मधमाश्या, ढालकिडे, कोळी यांना कितीतरी कमी इजा करते. एकूण मरणाऱ्या जिवांची संख्या घटते. पण अहिंसा मरणाऱ्यांची संख्या मोजून थांबत नाही, ती पाहण्याची मागणी करते. कीड आहे का ते पाहून, गरज असेल तरच बीटी निवडणे आणि एरवी साधा मका पेरणे ही त्या मागणीच्या जवळ जाणारी शेती आहे. योगायोग असा की प्रतिकार लांबवण्याचा कीटकशास्त्राचा सल्लाही तोच आहे.

भारतात जनुकबदल मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. पण महाराष्ट्राने ही सगळी कथा कापसात भोगली आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा वाण २००६ मध्ये. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर आश्रयासाठी १२० ग्रॅम साधे बी दिले जाई. बहुतेक ठिकाणी ते पेरलेच गेले नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस उद्ध्वस्त केला आणि अळी लागून न उमललेल्या कळ्यांनी, म्हणजे डोमकळ्यांनी, भरलेली शेते शेतकऱ्यांना नांगरून टाकावी लागली. त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने तारखेचा आधार घेतला: जूनच्या आधी कापूस लावू नका, आणि हंगाम संपल्यावर फरदड, म्हणजे आणखी वेच्यांसाठी शेतात राखलेले तेच पीक, ठेवू नका. मे महिन्यात ठिबकवर लावलेल्या कापसाला लवकर पात्या-फुले येतात आणि सुप्तावस्थेतून उठलेल्या पतंगांना नेमके तेव्हाच अन्न मिळते. सगळ्यांनी जूनमध्ये पेरले तर पहिले पतंग फुलाविना मरतात. ही हेसियन माशीचीच तारीख आहे, तोडणारी. सगळ्यांनी पाळली तरच चालणारी.

हीच गुलाबी बोंडअळी अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याची घोषणा तिथल्या कृषी खात्याने ऑक्टोबर २०१८ मध्ये केली. अ‍ॅरिझोनात आधी आश्रयाचा नियम काटेकोर पाळला गेला, नंतर आश्रयाऐवजी अब्जावधी वांझ पतंग सोडले गेले, कामगंध रसायने वापरली गेली, हंगामानंतर शेते नांगरली गेली. आणि या मोहिमेच्या खर्चात कापूस उत्पादकांनी स्वतः पट्टी देऊन मोठा वाटा उचलला. बियाण्यातले जनुक दोन्हीकडे त्याच कुळातले होते. तिथे त्याच्याभोवती शिस्त होती आणि त्या शिस्तीचा पैसा उभा राहिला होता.

विदर्भातल्या पाच एकरवाल्याला आश्रयासाठी एक एकर सोड म्हणणे आणि आयोवातल्या हजार एकरवाल्याला दोनशे सोड म्हणणे, प्रमाण एकच असले तरी भार एक नाही. लेवीय ग्रंथातला कोपरा गरिबासाठी होता. इथे तो गरिबाकडूनच मागितला जातो. जानेवारी-फेब्रुवारीत फरदडीचा जो एखादा वेचा मिळतो, त्यावर अनेक कोरडवाहू घरांचा उन्हाळा निघतो. तो सोडायला सांगणारे पत्रक कृषी सहायक वाटतो, पण त्या वेच्याच्या बदल्यात काही देण्याची तरतूद त्या पत्रकात नसते. विहिरीचे पाणी असलेला मात्र शेजारच्या राज्यांतून चोरट्या मार्गाने आलेले बियाणे मे महिन्यात लावून मोकळा होतो. बीटी कापसाच्या पाकिटाची किंमत केंद्र सरकार दरवर्षी ठरवते. त्या किमतीत प्रत्येक पाकिटामागे थोडी रक्कम धरून ती गावाच्या नावाने ठेवता येईल, आणि ज्या गावाने तारीख पाळली, फरदड काढून शेते मोकळी केली, त्या गावातल्या लहान शेतकऱ्यांना हंगामाअखेर ती वाटता येईल. किती शेते कधी रिकामी झाली हे गावातल्या माणसांना सांगावे लागत नाही; ग्रामसभेत ते उघडपणे नोंदवता येते. यासाठी नवे जनुकही लागत नाही आणि नवा कायदाही फार मोठा लागत नाही.